काळजाला दोन डागण्या

सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेत मी खो-खो शिकवत होते, तेव्हाची गोष्ट. मार्च महिना होता. सकाळचीच वेळ, तरी मैदान तापायला लागलं होतं. खांबावरून वळताना मुली वेग कमी करत होत्या, म्हणून मी स्वतः पळून दाखवलं. खांब धरला, वळले, चार पावलं गेले आणि छातीत काहीतरी सुटलं. दुखलं नाही. पिशवीत कोंडलेली कोंबडी फडफडावी तसं आत काहीतरी फडफडत होतं आणि थांबायचं नाव घेत नव्हतं. मी परत खांबापाशी येऊन टेकून उभी राहिले.

"काय व्हायलंय मॅडम?" संघाची कर्णधार पळत आली.

"काही नाही. खांब एकाच हाताने धरायचा. बघितलंस ना?"

"बघितलं की. पण तुमी पांढऱ्या पडलाव."

आमच्या घरचे जुने डॉक्टर शाळेपासून जवळच होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. मग ईसीजी काढला, कागदाची पट्टी माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "ठोक्यांमधली अंतरं बघा. एकासारखं दुसरं नाही. हृदयाचे वरचे दोन कप्पे आहेत ना, ते आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतायत." याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात असं त्यांनी सांगितलं. जीव लगेच जात नाही, पण थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर लकवा मारतो. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू केली आणि ठोके आवरायची आणखी एक.

बाकीचं सगळं सोडून घरात 'लकवा' हा एकच शब्द पोचला. त्या दिवसापासून मी पेशंट झाले. पाण्याची बादली उचलायला गेले की नवरा हातातून काढून घ्यायचा. तो वीज कंपनीत नोकरीला, बोलायला कमी आणि काळजी करायला जास्त. मंगळवेढ्याहून धाकटा भाऊ आला, कॉटच्या कडेला बसला आणि म्हणाला, "ताई, आता बास की. लई पळालीस जन्मभर." माझी पंचेचाळिशी नुकतीच उलटली होती. त्याच्या तोंडून 'जन्मभर' हा शब्द ऐकला आणि मला असा राग आला की चहा तसाच ठेवून मी गच्चीवर गेले. जिना चढताना मधेच थांबावं लागलं, त्याने राग आणखी वाढला.

शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून घेतलं. त्या वाईट नव्हत्या. "ग्रंथालयात जागा आहे," त्या म्हणाल्या. "पंखा आहे, खुर्ची आहे. तुमच्या भल्यासाठीच सांगते."

"मॅडम, पुस्तकं वाचायला मी घरीसुद्धा बसते," मी म्हणाले. "डॉक्टरांनी मैदान बंद केलेलं नाही. ज्या दिवशी ते करतील, त्या दिवशी मी स्वतः येऊन सांगेन."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "हट्टी आहात."

"खो-खो हट्टाशिवाय होत नाही," मी म्हणाले आणि मैदानावर गेले.

पण हट्टाने ठोके सरळ होत नव्हते. गोळ्यांनी मी मंद झाले. शिट्टी फुंकायलाही दम पुरेना. फडफड काही आठवडे गायब व्हायची आणि मग एखाद्या सकाळी दात घासताना परत यायची. डॉक्टरांनी गोळी बदलली, पुन्हा बदलली. शेवटी त्यांनी स्वतःच सांगितलं, "पुण्याला जाऊन या. वायरी घालून आतली गडबडीची जागा जाळतात आता. अॅब्लेशन म्हणतात."

पुण्याचे डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होते आणि फार स्पष्ट बोलायचे, हे मला आवडलं. त्यांनी कागदावर हृदयाचं चित्र काढलं. फुप्फुसांकडून रक्त घेऊन येणाऱ्या शिरा जिथे वरच्या डाव्या कप्प्याला मिळतात, तिथूनच बहुतेकदा हे खोडसाळ विजेचे झटके उठतात. जांघेच्या शिरेतून बारीक नळ्या आत न्यायच्या, त्या शिरांच्या तोंडाभोवती गोल डागायचं. डागलेल्या जागी वण होतो आणि वणातून वीज पलीकडे जात नाही.

"म्हणजे मी बरी होणार," मी म्हणाले.

"तुमचा त्रास कमी होण्याची चांगली शक्यता आहे," ते म्हणाले. "बऱ्याच जणांना एकदा पुरतं. काहींना दुसऱ्यांदा यावं लागतं. काहींना वर्षांनी परत सुरू होतं. मी लिहून देऊ शकत नाही." मग धोके सांगितले. रक्तस्राव, हृदयाभोवती रक्त साठणं, क्वचित लकवा. एकही लपवला नाही. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "हा माणूस आपल्याला घाबरवतोय." मी म्हणाले, "हा माणूस आपल्याला मोजतोय. मी याच्याकडूनच करून घेणार."

घरी सासूबाईंना सांगायचं होतं. त्या दुधनीच्या, माहेर कानडी, ऐंशीच्या घरातल्या. मी जमेल तसं समजावलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे डागणी की गं. आमच्या लहानपणी बैलाचा खांदा सुजला की डागायचे. बैल ओरडायचा आणि चार दिवसांनी गाडीला जुंपायचे." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून कानडीत म्हणाल्या, "अंजब्याड." घाबरू नको. त्या घरात तेवढा एकच शब्द मला मदतीचा मिळाला, आणि तो ज्या बाईला माझं मैदानावर ट्रॅकपँट घालून जाणं कधीच आवडलं नव्हतं तिच्याकडून.

पहिली डागणी मला आठवत नाही, कारण भूल होती. आठवतं ते नंतरचं. जांघेवर घट्ट पट्टी, पाय हलवायचा नाही, सरळ पडून राहायचं. माझ्यासारख्या बाईला सरळ पडून राहा म्हणणं हीच खरी शिक्षा. पहिल्या तीन महिन्यांत फडफड झाली तरी घाबरू नका, डागलेली जागा भरत असते, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. झालीही. मग हळूहळू थांबली.

त्यानंतरचं वर्ष, सव्वा वर्ष मी उधळलेल्या घोडीसारखी जगले. मैदानाला फेऱ्या मारल्या. जिना एका दमात चढले, उतरले आणि कारण नसताना पुन्हा चढले. घरी येणाऱ्या प्रत्येकाला नवरा सांगायचा, "बरी झाली एकदम." कुणीतरी सल्ला दिला की आता रक्त पातळ करायची गोळी कशाला, बंद कर. मी पुण्याला फोन लावून विचारलं. "ठोके सरळ आहेत म्हणून ती गोळी बंद होत नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला बीपी आहे, त्यात बाई माणूस, वयही वाढतंय. लकव्याचा धोका त्यावरून मोजतात. ती चालू राहील." मी सल्ला देणाऱ्याला तसंच्या तसं ऐकवलं. तो माणूस अजून मला टाळतो.

पुढच्या थंडीत भावाच्या शेतात हुरड्याला गेलो होतो. मंगळवेढ्याची काळी जमीन, कमरेपेक्षा उंच ज्वारी, आगटीभोवती सगळे बसलेले. मी भाजलेलं कणीस हातावर चोळत होते. हातातले दाणे ताटात टाकले आणि तेवढ्यात आत फडफडलं. मी कुणाला काही न बोलता थांबले. थांबेल, थांबेल म्हणत राहिले. थांबलं नाही. भावाने माझ्या तोंडाकडे बघितलं, जवळ आला आणि न विचारता मनगट धरलं.

"आलं का परत?"

"व्हय."

त्याच्यामागे आमच्याबरोबर आलेली माझी नणंद बसली होती, ती म्हणाली, "एवढं पुण्याला जाऊन शेवटी काय झालं? जाळून घेतलं फुकट."

त्या दिवशी मला पहिल्यांदा रडू आलं. आजारासाठी नाही. त्या 'फुकट' शब्दासाठी. कारण माझ्याही डोक्यात तोच शब्द आला होता, तिने फक्त तो आधी उच्चारला.

पुण्याचे डॉक्टर मात्र शांत होते. त्यांनी छातीला एक छोटं यंत्र चिकटवून काही दिवस ठोके टिपले. "डागलेल्या कड्यात कुठेतरी फट राहिली असावी," ते म्हणाले. "वण भरताना असं होतं. आत जाऊन फट बुजवता येते. पण त्याआधी मला एक सांगा, तुम्ही घोरता का?"

"नाही," मी म्हणाले.

"घोरते," नवरा म्हणाला. तेवढं एकच वाक्य तो त्या भेटीत बोलला.

झोपेची तपासणी झाली. झोपेत माझा श्वास मधेमधे अडत होता. बीपीही नीट आवरलेलं नव्हतं, वजन वाढलेलं होतं. "नुसतं जाळून भागत नाही," डॉक्टर म्हणाले. "छत गळतंय आणि आपण भिंत रंगवतोय, असं होईल. भिंत मी बघतो, पण छत तुम्हाला बघावं लागेल." मग नाकावर बसणारा मास्क आला, त्याला लांब नळी, नळीला हवा फुंकणारं यंत्र. सासूबाई पहिल्याच रात्री बघून म्हणाल्या, "अगं, हत्तीची सोंड लावून झोपलीस की!" आणि इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मीठ कमी केलं. शेंगाचटणी चमच्याऐवजी बोटाच्या टोकाने घ्यायला लागले. सोलापूरच्या माणसाला यापेक्षा मोठी तपश्चर्या सांगू नये.

दुसऱ्या डागणीला नवरा तयार नव्हता. जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "एकदा सुखरूप बाहेर आलीस. आता परत कशाला? घरी बसून गोळ्या घे. मी तुला काही कमी पडू देत नाही ना?"

"अहो, कमी पडायचा प्रश्नच नाही."

"मग?"

"मला पळायचंय," मी म्हणाले. "आणि पळता येणार नाही असं ठरलं तर तेही मला करून बघून कळायला हवं. भिऊन नाही."

"आणि आत काही झालं तर?"

"ते मला माहीत नाही," मी म्हणाले. तो उठला आणि त्याने हात धुतले. मग म्हणाला, "तिकीट सकाळच्या गाडीचं काढू की दुपारच्या?" आमच्या तीस वर्षांच्या संसारात त्याने माझ्यावर केलेलं सगळ्यात मोठं प्रेम ते होतं, असं मला आजही वाटतं.

दुसरी वेळ पहिल्यापेक्षा अवघड गेली. जांघेत रक्त साकळून काळानिळा मोठा वळ उठला, कितीतरी दिवस नीट बसता येईना. पण फट सापडली होती आणि ती बुजवली होती.

पुढचं वर्षभर काहीच झालं नाही. मग एकदा थोडा वेळ फडफड झाली आणि आपोआप थांबली. नंतर कित्येक महिने काही नाही, पुन्हा एकदा, पुन्हा थांबली. मी डॉक्टरांना विचारलं, हे अपयश का. ते म्हणाले, "आधी दर महिन्याला यायचं, तासन् तास राहायचं. आता वर्षात कधीतरी येतं आणि बसल्याबसल्या जातं. तुम्हीच सांगा." त्यांनी एवढंही ठरवून दिलं की फडफड सुरू झाली तर बसायचं, पाणी प्यायचं, वाट बघायची. छातीत दुखलं, चक्कर आली, बोलताना जीभ अडखळली किंवा तोंड वाकडं झालं, तर एक मिनिटही वाट न बघता दवाखाना.

हे ठरलेलं होतं म्हणून एका अंतिम सामन्याच्या दिवशी मी मैदान सोडलं नाही. जिल्ह्याची स्पर्धा बार्शीत होती. आमच्या मुली शेवटच्या डावात बचाव करत होत्या, आणि मी मैदानाच्या कडेला उभी राहून ओरडत असताना आत सुरू झालं. मी खुर्ची ओढून बसले. पाणी प्यायले. जीभ तपासायला मनातल्या मनात नाही, मोठ्याने पाढे म्हटले. शेजारचा पंच माझ्याकडे वेड्यासारखा बघायला लागला.

स्पर्धेचे एक संयोजक धावत आले. "मॅडम, गाडी बोलावतो. तुम्ही चला."

"कुठे?"

"दवाखान्यात."

"साहेब, मला हे काय आहे ते माहीत आहे. चक्कर नाही, छातीत दुखत नाही, जीभ नीट चालतेय. तुम्ही सावलीत या आणि मला माझ्या मुलींचा खेळ बघू द्या."

"काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

"माझी," मी म्हणाले. "या छातीची जबाबदारी इतकी वर्षं मीच घेतेय."

मी खुर्चीतूनच सांगत राहिले. ओरडायला दम नव्हता, म्हणून शेजारी बसलेल्या राखीव मुलींना सांगायचं आणि त्यांनी ओरडायचं. खेळ संपायच्या आत फडफड थांबली. आम्ही हरलो, अगदी थोडक्यात. मुली रडल्या. त्या वर्षीची कर्णधार म्हणाली, "तुमच्यामुळे लक्ष विचलित झालं मॅडम." हे ती रागात म्हणाली, आणि ते खरंही असावं. मी तिला म्हणाले, "मग पुढच्या वेळी लक्ष विचलित न होण्याचाही सराव करू." पुढच्या वर्षी तोच संघ घेऊन आम्ही परत उतरलो आणि जिंकलो, पण मला आठवतो तो हरलेला दिवस. त्या दिवशी मला कळलं की फडफड चालू असतानासुद्धा मी मीच असते.

सगळं मिळालं असं मी म्हणणार नाही. सूर मारणं मी सोडलं. पळणाऱ्याला गाठायला जमिनीवर लांब झेप घेऊन पडायचं, ही माझी खास गोष्ट होती. तरुणपणी माझा सूर बघायला लोक थांबायचे. रक्त पातळ असताना डोकं आपटलं तर आत रक्तस्राव होऊ शकतो, हे मला माहीत आहे. गुडघा खरचटला तरी लवकर थांबत नाही, दंडावर कुठे आपटलं तर आठवडाभर जांभळं राहतं. म्हणून सोडलं. त्याचं वाईट वाटतं, आणि वाईट वाटतं हे मी लपवत नाही. "जाऊ दे, जीव वाचला ना" असं कुणी म्हटलं की मी त्याला तिथेच थांबवते. जीव वाचला हे मला माहीत आहे. सूर गेला हेही मला माहीत आहे. दोन्ही माझंच आहे.

सासूबाई गेल्या त्याच्या आदल्या वर्षी दुधनीला एक बारसं होतं. तिथे नणंदेने पुन्हा तोच विषय काढला. सगळ्या बायकांमध्ये ती म्हणाली, "वहिनी, दोनदा करूनसुद्धा गोळ्या चालूच, अधूनमधून त्रास चालूच. मग फरक काय पडला?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई आपल्या लेकीवर उखडल्या. "तुझा गुडघा बदलून आलीस, तरी जिना धरून चढतेस. तुला कुणी विचारलं का, फरक काय पडला म्हणून?" बायका हसल्या. मी नणंदेच्या ताटात लाडू वाढला. रागाने नाही. तिच्या गुडघ्याची मलाही काळजी होती.

आता शाळेतून निवृत्त झाले आहे, पण सकाळी शहरातल्या एका मोकळ्या मैदानावर मुलींना शिकवते. गेल्या महिन्यात एका मुलीचे वडील आले. मागावर चादरी विणणारे, घरी तेलुगू बोलणारे. मुलगी सराव करत होती तेव्हा ते कडेला उभे राहिले आणि मग अवघडून म्हणाले, "मॅडम, पोरगी म्हणाली तुमचे ठोके मधेच बिघडतात. मला डॉक्टरने तेच सांगितलंय. मागावर उभं राहवत नाही. जाळून घेतलं की बरं होतं का?"

मी त्यांना माझ्या शेजारी बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. पहिली वेळ, हुरडा, फट, मास्क, दुसरी वेळ, आता वर्षातून कधीतरी होणारी फडफड, रोजची गोळी. ते रात्री घोरतात का विचारलं. बीपी मोजलंय का विचारलं. "पूर्ण जाईलच असं कुणी छातीठोक सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा," मी म्हणाले. "आणि याने काहीच होत नाही असं कुणी सांगितलं, तरी दुसऱ्याला विचारा."

मैदानात त्यांची मुलगी खांबावरून वळत होती, अजून दोन्ही हातांनी.

"आणि तुम्हाला तिसऱ्यांदा करायची वेळ आली तर?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर म्हणाले उपयोग होईल, तर करेन. नाही म्हणाले तर नाही करणार, आणि आहे तशी पळेन."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की," मी म्हणाले. "पण तिला विचारून मी काही ठरवत नाही."

त्यांनी पुण्याच्या डॉक्टरांचा पत्ता विचारला, मी सांगितला. मग ते कामाला गेले, आणि मी मुलीकडे जाऊन तिचा डावा हात खांबावरून सोडवला.